अकरा नंबरचा बावटा

मोरवंडच्या कुठल्याही माणसाला विचारा, बंदरावरच्या बावट्यांत सगळ्यांत भयंकर कुठला? तो बिनदिक्कत सांगेल, अकरा. आकडा मोठा म्हणजे वादळही मोठं, इतकं ते सोपं. शाळेतल्या पोरांपासून मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळे असंच धरून चालायचे, आणि सगळेच चुकायचे.

एक आणि दोन नंबरचा बावटा म्हणजे वादळ लांब खोल समुद्रात आहे. तीन म्हणजे वारा तुमच्या बंदरापर्यंत येईल, जपून राहा. तिथून चढत चढत आठ, नऊ, दहा, म्हणजे महासंकट. दहापाशी ही चढण संपते. अकराचा वादळाच्या जोराशी संबंधच नाही. अकराचा अर्थ नियमांच्या पुस्तकात असा दिलेला आहे: हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे, आणि हवा बिघडण्याचा धोका आहे असं बंदरावरच्या अधिकाऱ्याचं स्वतःचं मत आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, आम्हाला काही कळत नाही आणि आम्हाला भीती वाटते आहे. सरकारी माणसाला भीती वाटायची अधिकृत मुभा देणारं दुसरं कलम कुठल्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

प्रणिता सारंगला हे कलम वयाच्या सातव्या वर्षी पाठ होतं. तिचे वडील शिवराम सारंग याच बंदरावर बावटेवाले होते. टेकाडावर बंदर कचेरी, कचेरीसमोर चाळीस फुटी लोखंडी खांब. त्यावर दिवसा काळ्या आकृत्या चढवायच्या आणि अंधार पडला की दिवे. तीस वर्षं शिवरामांनी हेच काम केलं. बाहेर पडणारी प्रत्येक होडी या टेकाडाखालून जायची, आणि खांब समोर आला की तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, डोक्यावरची टोपी काढून वर बघायचा. मान इतकी वर करावी लागते की टोपी पाण्यात पडते, म्हणून आधीच हातात घेतात, असं शिवराम मुलांना सांगायचे. खरंखोटं त्यांनाच ठाऊक. पण रिकाम्या खांबाकडेही टोपी काढूनच बघायची पद्धत होती.

तीस वर्षांत शिवरामांनी अकरा एकदाही चढवला नाही. तरी दर शनिवारी त्याची आकृती खोक्यातून काढायची, झटकायची, खांबाच्या कप्पीला तेल द्यायचं, दोरी ओढून बघायची, हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. पुढे प्रणिता त्याच कचेरीत बंदर निरीक्षक म्हणून खुर्चीवर बसली, तेव्हा हा नेम तिने वर्षभर पाळला. मग लाटवेध आला आणि कप्पीला तेल द्यायचं राहून गेलं.

लाटवेध हे काही एक यंत्र नव्हतं. सन २०३८मध्ये किनाऱ्यावरच्या प्रत्येक नौकेच्या तळाशी ताटलीएवढा एक डबा बसवण्यात आला. तो दर मिनिटाला लाटेची उंची, पाण्याचं तापमान आणि हवेचा दाब मोजायचा आणि उपग्रहाकडे पाठवायचा. गुजरातपासून केरळपर्यंत हजारो नौका, शिवाय समुद्रात सोडलेले तरंगते गोळे. पूर्वी हवामानखात्याला समुद्राबद्दल जे कळायचं ते वरून, ढगांच्या फोटोंतून. आता समुद्राच्या अंगावर जागोजाग थर्मामीटर लावल्यासारखं झालं. केंद्रातला संगणक ही सगळी मापं जुळवून, पुढच्या सहा तासांत कुठल्या चौरस मैलात काय होणार ते काढायचा, आणि प्रत्येक नौकेला तिचं उत्तर वेगळं पाठवायचा. तांडेलासमोर एक दिवा होता. हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे लांब जाऊ नका, तांबडा म्हणजे परत फिरा.

आणि तो बरोबर असायचा. सहा वर्षांत मोरवंडचा एकही माणूस समुद्राने नेला नाही. ज्या गावात दर दोन-तीन वर्षांनी कुणाच्या तरी दारात रडारड व्हायची, तिथे सहा वर्षं शांत गेली. खांबाकडे बघायचं कुणाला कारण उरलं नाही. टोपी काढायची पद्धतही गेली. एकटा गौरेश अजून काढायचा.

गौरेश हा प्रणिताचा धाकटा भाऊ. ती बारा वर्षांची असताना आई गेली, तेव्हा तो चार वर्षांचा होता. शाळेचा अभ्यास, ताप, पोहणं, पुढे लग्नाची बोलणी, सगळं तिनेच निस्तरलं. ‘ताय, आवस आता खंय आसा?’ इथपासून त्याने जे जे विचारलं त्याला तिने उत्तर दिलं. बरीच उत्तरं तिने मनानेच रचलेली होती. पोराला उत्तर हवं असतं, ते कुठून आलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, हे तिला फार लवकर कळलं होतं. गौरेश मोठा झाला, तांडेल झाला, त्याला ओवी नावाची मुलगी झाली, तरी ताईला सगळं माहीत असतं हा त्याचा समज काही गेला नाही.

आता पांढऱ्या दिव्याची गोष्ट.

लाटवेधात सुरुवातीला चौथा एक दिवा होता, पांढरा. उपग्रहाशी संपर्क तुटला की तो लागायचा. त्याचा अर्थ अकरा नंबरच्या बावट्यासारखाच होता. महिन्यातून एखाद-दोन वेळा, दहा-पंधरा मिनिटं तो लागायचा आणि बंदरात गोंधळ उडायचा. निम्म्या होड्या परत फिरायच्या, निम्म्या पुढे जायच्या, आणि परतलेल्यांना दुसऱ्या दिवशी गेलेल्यांच्या टोपल्या भरलेल्या बघाव्या लागायच्या. शेवटी सोसायटीने सभा बोलावली. निरीक्षक म्हणून प्रणिता व्यासपीठावर होती आणि समोर सगळ्यांत मोठ्याने बोलत होता तिचा भाऊ.

“ताय, ह्या पांढऱ्या दिव्याचा आमी करूचा काय? तांबडो लागलो तर फिरतो. हिरवो लागलो तर जातो. पांढरो लागलो की निसते एकमेकांची तोंडा बघीत रवतो. तुमका म्हायत नाय तर गप तरी रवा मा!”

सभा खो खो हसली. मागच्या बाकावरून शिवराम उठले. पंच्याहत्तरी उलटलेली, आवाज बसलेला. “म्हायत नाय म्हणूक लाज कसली वाटता तुमका?” एवढंच ते म्हणाले. हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. प्रणिताला गेलं, पण तिने मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

आठवड्याने तिने वर अहवाल पाठवला. त्यातलं एक वाक्य तिला पुढे जन्मभर पाठ राहणार होतं. ‘संपर्क तुटल्यास नौकेवरील दिव्याने अनिश्चितता न दाखवता, संपर्क पुन्हा येईपर्यंत शेवटचा रंग कायम ठेवावा.’ इतर बंदरांतूनही अशाच मागण्या गेल्या होत्या. पांढरा दिवा बंद झाला. जाताजाता तिने पुढच्या सभेत हेही सांगून टाकलं की अकरा नंबरची आता गरज उरलेली नाही आणि तो रद्द व्हावा म्हणून आपण लिहिलं आहे. टाळ्या पडल्या. गौरेशने घरी सुरमई पाठवली.

तो दिवस नोव्हेंबरातला होता. आकाश धुतलेलं, वारा नावाला नाही. बारा वाजून पन्नास मिनिटांनी कचेरीतल्या पडद्यावरची आकडेवारी थांबली. प्रणिताने कचेरीतलं यंत्र बंद करून चालू केलं, केबल हलवून बघितली, मग केंद्राला फोन लावला. जमिनीवरून जाणारा फोन व्यवस्थित लागला. केंद्रात तेजल नावाची शास्त्रज्ञ होती, जिच्याशी तिचं नेहमी बोलणं व्हायचं.

“मॅडम, आमच्याकडेही काही नाही,” तेजल म्हणाली. “सूर्यावर मोठा स्फोट झालाय. त्याचे कण वातावरणाच्या वरच्या थरात घुसले की तो थर ढवळून निघतो, उपग्रहाचे संदेश खाली येईपर्यंत विस्कटून जातात. सगळा समुद्र गेलाय आमचा. एकही नौका दिसत नाही, एकही गोळा दिसत नाही.”

“मग संगणक काय म्हणतो?”

“तो अंदाजाने चाललाय. शेवटचं माप बारा पन्नासचं आहे, त्यावरून पुढचं भरून काढतोय. हिरवं दाखवतोय.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“अधिकृत विचाराल तर हिरवं. माझं म्हणाल तर मी खिडकीतून बाहेर बघतेय. ऊन पडलंय.”

बारा पन्नासला समुद्र शांत होता, म्हणून संगणकाच्या मते तो शांतच होता. तेवीस नौकांवरचे तेवीस दिवे हिरवे होते. होड्या सुटायच्या चारच्या सुमारास, म्हणजे तीन तास होते.

सव्वादोनला तिचं लक्ष भिंतीवरच्या वायुदाबमापकाकडे गेलं. पितळी, बशीएवढा, वडिलांच्या वेळचा. तो आता शोभेला होता. सकाळी पुसताना पाहिलेला काटा बराच खाली आला होता. दुपारी दाब थोडा उतरतोच, हे तिला माहीत होतं. पण इतका उतरतो का, ते तिला आठवेना.

पावणेतीनला घरून फोन आला. वडील होते.

“प्रणिता, कातळार आवाज येता तो ऐकलंस?”

तिने खिडकी उघडली. टेकाडाच्या पायथ्याशी समुद्र खडकावर आपटत होता. सावकाश, एकेक. एक लाट, मग मोठी उसंत, मग दुसरी. वारा नसताना.

“लाट लांबसून येता,” शिवराम म्हणाले. “एकीपासून दुसरीपर्यंत चौदा आकडे मोजलंय. खंयतरी मोठा काय ता उठलाहा. वादळाच्या आधी तेची लाट येता. पारो बघलंस?”

“उतरलो आसा. पण बाबा, केंद्र हिरवाच दाखवता.”

“केंद्राचा नको सांगू. तुका काय वाटता ता सांग.”

प्रणिता खिडकीत उभी राहिली. तिला काय वाटतं हे तिने प्रामाणिकपणे शोधून बघितलं. सहा वर्षांत तिला काही वाटायची वेळच आली नव्हती. विचारणाऱ्याला पडद्यावर बघून उत्तर द्यायचं, आणि ते बरोबर असायचं. आता आत बघितलं तर तिथे काहीच हाताला लागेना.

तिने नियमांचं पुस्तक काढलं. अकरा नंबर रद्द झालेला नव्हता. तिचा प्रस्ताव अजून वर कुठेतरी पडून होता. कलम तेच होतं. केंद्राशी संपर्क तुटला असल्यास. संपर्क तुटला होता का? केंद्राशी ती एकच्या सुमारास फोनवर बोलली होती. केंद्राचा समुद्राशी संपर्क तुटला होता, पण तसं कलमात लिहिलेलं नव्हतं. ते लिहिणाऱ्यांच्या काळात केंद्र म्हणजे तारेच्या पलीकडचा एक माणूस होता. तो माणूस आंधळा होईल हे त्यांच्या डोक्यात आलं नसणार. तिने ते चार वेळा वाचलं. वरिष्ठांना फोन लावला, ते बैठकीत होते. पुन्हा लावला. सभेतल्या टाळ्या तिला आठवल्या. गरज उरली नाही म्हणून जिने सांगितलं, तिनेच लख्ख उन्हात तो बावटा चढवायचा, आणि संध्याकाळी काहीच झालं नाही तर? तेवीस तांडेल कचेरीत येऊन विचारतील. त्यांना काय सांगायचं?

माणूस लाजेपायी काय काय करतो याची यादी केली तर फार लांबेल. तिने केलं ते इतकंच: आणखी अर्धा तास तिने वाट बघितली.

चारला पाच मिनिटं असताना पहिल्या होड्या सुटल्या. ती काचेमागे उभी होती. काटा आणखी उतरला होता. तिसरी होडी गौरेशची होती. टेकाडाखाली आली तशी त्याने टोपी काढली, मान वर केली आणि खांबाकडे बघितलं. खांब रिकामा होता. त्याने टोपी घातली आणि काचेकडे हात हलवला.

त्या हात हलवण्याने तिला कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. ती खोक्याकडे धावली. आकृती बाहेर काढली, धूळ उडाली, दोरीला बांधली, ओढली. कप्पी गंजली होती. तिने दोरीला लोंबकळून जोर लावला. कचेरीतून खोबरेल तेलाची बाटली आणली, शिडी आणली, चढून तेल ओतलं, पुन्हा ओढली. अकरा नंबर वर गेला तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

बंदरात उरलेल्या चौदा होड्या थांबल्या. माणसं जेट्टीवर जमा होऊन वर बोटं दाखवू लागली. अकरा म्हणजे सगळ्यांत मोठं वादळ, हा त्यांचा समज त्या दिवशी त्यांच्या कामी आला. नुकत्याच बाहेर पडलेल्या तिघांनी मागे वळून बघितलं आणि कुरकुरत होड्या फिरवल्या. पुढच्या सहांना आता खांब दिसणार नव्हता.

तिने वायरलेस घेतला. बोटीवरचा वायरलेस सरळ रेषेत चालतो, त्याला उपग्रह लागत नाही. पण लाटवेध आल्यापासून तो चालू ठेवतो कोण? गौरेश ठेवायचा, कारण बंदरावर बहीण होती.

“गौरेश, परत फीर. अकरा लावलंय.”

“अकरा?” त्याच्या आवाजात हसू होतं. “तो तर तू काढून टाकलंस मा? काय झाला? वादळ खंय आसा?”

“म्हायत नाय.”

“वारो किती येतलो?”

“म्हायत नाय रे. केंद्राक दिसणा नाय. तू ये.”

“माझो दिवो हिरवो आसा, ताय.”

“तो दिवो बारा पन्नासचो आसा. तेका काय कळणा नाय.”

खरखर वाढली. याच वेळी तिच्या मनात आलं, आठ म्हण. आठ नंबर, वादळ नक्की, पन्नास मैलांवर आहे, असं ठोकून दे. लहानपणापासून त्याला हजार गोष्टी ठोकून दिल्या, त्यात ही एक. तो तत्काळ फिरेल. शब्द जिभेवर आला होता. पण खांबावर अकरा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती जे चढवलं होतं तेच बोलत होती. आठ तिच्या तोंडून निघाला नाही.

“ताय,” गौरेश म्हणाला, “खराच तुका म्हायत नाय?”

“नाय.”

“बरा,” तो म्हणाला. मग होडी भूशिराआड गेली आणि नुसती खरखर राहिली.

ती ‘गौरेश, गौरेश’ करत अंधार पडेपर्यंत हाका मारत राहिली. त्या ‘बरा’चा अर्थ काय ते तिला कळेना. बरं, परत येतो, की बरं, तुझं चालू दे, मी जातो?

रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वादळ लहान होतं, पण गरम समुद्रावर फिरत फिरत त्याने काही तासांत जोर धरला आणि किनाऱ्याकडे वळलं. सकाळी ते ओसरलं तेव्हा जेट्टीचं छप्पर नारळाच्या बागेत पडलेलं होतं. बाहेर गेलेल्या सहांपैकी चार होड्या पहाटेपूर्वीच आत आल्या होत्या. दिगंबर मोंडकरची आली नाही. गौरेशची आली नाही. दोन्हीवर मिळून नऊ माणसं.

शिवरामांनी मुलीला एकच प्रश्न विचारला. “तेका काय सांगितलंस?”

“खरा सांगितलंय.”

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चौकशी झाली. अहवालात प्रणिताचं कौतुक होतं. यंत्रणा निष्क्रिय असताना स्वतःच्या निर्णयाने इशारा दिला, सतरा नौका वाचल्या. पांढरा दिवा साऱ्या किनाऱ्यावर पुन्हा सुरू झाला. बारा पन्नास ते चार पंचवीस या वेळेबद्दल अहवालात एक ओळ होती, ‘परिस्थितीची खातरजमा करण्यात काही वेळ गेला.’ प्रणिताने ती ओळ वाचली आणि कचेरीच्या मागे जाऊन ओकली. खातरजमा करायची नाही, म्हणून तर तो बावटा असतो. खातरजमा होत नाही तेव्हाच तो लावायचा असतो. हे तिला सातव्या वर्षापासून पाठ होतं.

बाराव्या दिवशी सत्यवान कुबल कचेरीत आला. परतलेल्या चार तांडेलांतला तो वयाने मोठा. तो खुर्चीवर बसेना. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

“आधी येवचा होता,” तो म्हणाला, “पाय उचलाक नाय. तुझो भाव आमच्याकडे इलेलो.”

“खंय?”

“भायर. वीस वाव खोल पाण्यात. आमी जाळी सोडूच्या तयारीत. तेना होडी फुल्ल मारीत हाडल्यान, अगदी आमच्या अंगार. टोपी काढल्यान आनी बोंब मारूक लागलो, फिरवा, अकरा लागलो! माझो दिवो हिरवो. मी इचारलंय, झाला काय? तर म्हणता, ताय म्हणता म्हायत नाय. मी हसलंय, प्रणिता. खोटा कित्याक सांगू. म्हटलंय, म्हायत नाय तर परत कित्याक जावचा?”

“मगे?”

“तर तो म्हणता, सत्यवानदा, माझी ताय जल्मात कधी म्हायत नाय म्हणाक नाय. आवस मेली तेवाय म्हणाक नाय. आज म्हणली. फिरव होडी.” सत्यवानने बाहीने डोळे पुसले. “आमी चवगय फिरलो. तो दिगंबराच्या मागून गेलो. दिगंबर सगळ्यांच्या फुडे होतो मा.”

‘बरा’चा अर्थ तिला कळला होता. त्याने ऐकलं होतं. सगळ्या बंदरात त्या बावट्याचा खरा अर्थ एकट्या त्यालाच कळला होता, आणि तो कळला म्हणूनच तो परत आला नव्हता. अर्धा तास आधी खांबावर तो बावटा असता, तर टोपी काढून वर बघणारा तो पहिला माणूस जागच्या जागी वळला असता. ती मोठ्याने रडली. सत्यवानने तिला रडू दिलं.

त्यानंतर चार दिवसांनी केंद्रातून पाकीट आलं. नौका बुडाली की तळाचा डबा सुटून वर येतो, अशी त्याची रचना होती. गौरेशच्या नौकेचा डबा चाळीस मैल दक्षिणेला मासेमारांना सापडला होता. तेजलने त्यातल्या नोंदी छापून पाठवल्या होत्या, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती, तिच्यात फक्त माफ करा असं होतं. प्रत्येक मिनिटाची एक ओळ. लाटेची उंची, दाब, दिव्याचा रंग. उंची वाढत गेलेली, दाब उतरत गेलेला, आणि रंगाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत हिरवा, हिरवा, हिरवा. पहाटे तीन वाजून अकरा मिनिटांनी उंचीच्या जागी खोली आली होती, म्हणजे होडी पाण्याखाली गेली होती. त्यानंतर सात ओळी होत्या.

कागद घडी करून तिने ड्रॉवरमध्ये ठेवला. घरी अजून कुणाला ठाऊक नव्हतं. घरी गौरेशची बायको मयूरी रोज त्याच्याही वाटणीचा भात लावून ठेवायची आणि शिवराम रोज जेट्टीवर जाऊन बसायचे.

दुपारी ओवी टेकाड चढून आली. सहा वर्षांची, शाळेचा गणवेश, एका पायातला मोजा खाली आलेला. खांबाखालच्या दगडावर ती प्रणिताच्या शेजारी बसली. समोर होड्या सुटत होत्या. एकेक टेकाडाखाली येत होती, आणि प्रत्येक होडीवर तांडेल टोपी काढून वर बघत होता. पद्धत पुन्हा सुरू झाली होती.

“आत्या, बाबा कधी येतलो?” ओवीने विचारलं. “आये काय बोलणा नाय. आजो म्हणता, म्हायत नाय. तुका म्हायत आसा?”

ते दोन शब्द म्हणता यावेत म्हणून प्रणिताने त्या घटकेला काहीही दिलं असतं. आजोबांना ते म्हणता येत होते. सगळ्या गावाला म्हणता येत होते.

पण तिला माहीत होतं. तिने ओवीचा मोजा वर ओढला, तिला मांडीवर घेतलं आणि सांगितलं.